दिल्लीतलं बंदर

दादाला लकवा झाल्याचं कळलं तेव्हा भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते. इकडे रत्नागिरीत सुनेचे दिवस भरत आले होते, तिला तशी टाकून निघणं शक्य नव्हतं. नातू झाला, बारसं झालं आणि मी मंगला एक्स्प्रेसमध्ये बसले तोवर जानेवारी उजाडला. प्रवासाचं सांगण्यासारखं एवढंच, की दादासाठी सुके बोंबील तीन पिशव्यांत गुंडाळून घेतले होते आणि भुसावळपर्यंत डब्यातल्या प्रत्येकाला ते कळलं होतं. समोरच्या बर्थवरच्या गृहस्थांनी शेवटी अगदी नम्रपणे विचारलं, “बहनजी, इसमें क्या है?” मी म्हटलं, “दवाई है.” ते उठले आणि वरच्या बर्थवर जाऊन झोपले.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. आमचे वडील दाभोळला बंदरावर कारकून होते, त्यामुळे आमचं लहानपण खाडीच्या धक्क्यावर गेलं. दादा शिकला, दिल्लीला केंद्र सरकारात अनुवादक म्हणून लागला आणि निवृत्तीपर्यंत तिथंच राहिला. इंग्रजी फायली हिंदीत आणायच्या, मराठीतून आलेली पत्रं इंग्रजीत न्यायची. शब्दाला शब्द शोधण्यात ज्याचा जन्म गेला, त्याचा उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, बोलता काही येत नव्हतं.

निजामुद्दीन ते द्वारका

धुक्यामुळे गाडी सात तास उशिरा पोचली. दादाची मुलगी केतकी घ्यायला आली होती. ती गुडगावला एका कंपनीत आहे. तिच्या ऑफिसची इमारत सगळी काचेची आहे असं ती सांगत होती, आणि मला टॅक्सीच्या काचेतून पुढची गाडीसुद्धा दिसत नव्हती. ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून चालवत होता.

दादा राहतो ते द्वारका म्हणजे गाव असेल अशी माझी समजूत. तिथं सेक्टर निघाले, आणि प्रत्येक सेक्टरात भिंती घातलेल्या सोसायट्या. दोन सोसायट्यांच्या मध्ये मोकळी जमीन, तिच्यावर काटेरी बाभळी आणि मध्येच एखादा म्हशींचा गोठा. आमच्याकडे अनोळखी बाई दिसली की विचारतात, “कुणाची गो तू?” इथं फाटकावर वही पुढं करून विचारलं, “कौन सा फ्लॅट?” मी नाव लिहिलं, वेळ लिहिली, आणि ‘कामाचं स्वरूप’ या रकान्यात काय लिहावं ते सुचेना म्हणून ‘बहीण’ लिहिलं.

दादा सहाव्या मजल्याच्या बाल्कनीत बसला होता. या फ्लॅटसाठी तो सोळा वर्षं थांबला होता. अंगावर रजई, डोक्याला माकडटोपी. मला पाहिल्यावर त्यानं डाव्या हातानं माझा हात धरला आणि तोंड उघडलं. “त... त... त...” असं तीन-चारदा झालं. मग त्यानं हात सोडला आणि मान भिंतीकडे वळवली.

वहिनी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. त्या मटार सोलत होत्या. दिल्लीत हिवाळाभर प्रत्येक घरात मटार सोलत असतात.

“सुमनताई, महिनाभर खूप ट्राय केलं हो त्यांनी,” त्या म्हणाल्या. “आता तोंडच उघडत नाहीत. डॉक्टर म्हणतात, पहिले काही महिनेच इम्पॉर्टंट असतात. जे यायचं ते तेव्हाच येतं. आणि हे तर भिंतीकडे बघून बसतात. मी काय करू सांगा.”

शेंगा फुटत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी त्यांच्याजवळ बसून मटार सोलायला लागले. दुसरं काय करणार होते?

करोल बाग

तिसऱ्या दिवशी दादाला करोल बागेत बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे न्यायचं होतं. या भागात दादा लग्नाआधी एका खोलीत भाड्यानं राहिला होता. मला वाटत होतं, जुनी जागा पाहून त्याला बरं वाटेल. पण ती गल्ली आता ओळखू येण्यासारखी राहिली नव्हती. खाली गाड्यांचे सुटे भाग, वर साड्या, त्याच्यावर दागिने, आणि वायरींच्या जाळ्यातून चार बोटं आकाश.

त्या बाई तरुण होत्या आणि मनापासून शिकवत होत्या. त्यांनी दादासमोर रंगीत चित्रांची कार्डं मांडली. सफरचंद, चेंडू, मांजर.

“अंकलजी, ये क्या है? सेऽऽ...?”

दादानं सफरचंदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताच्या एका फटक्यात सगळी कार्डं खाली पाडली. केतकी शरमेनं लाल झाली आणि वाकून कार्डं गोळा करायला लागली. मला मात्र दादाची चीड कळली. याच माणसानं एके काळी एका शब्दासाठी चार कोश पालथे घातले होते.

बाई रागावल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “इनकी पसंद की कोई चीज़ ढूँढिए. जिसके बारे में ये खुद बोलना चाहें.”

खाली उतरल्यावर केतकीनं मला छोले-भटुरे खाऊ घातले. एवढा मोठा फुगलेला भटुरा मी प्रथमच पाहत होते. बोट लावल्यावर त्यातून निघालेल्या वाफेनं चष्मा धुरकटला. दादा गाडीतच बसला होता, उतरायला तयार नव्हता. चष्मा पुसता पुसता मला त्याचं एक जुनं पत्र आठवलं. दिल्लीला गेला त्या पहिल्या वर्षी त्यानं मला लिहिलं होतं, ‘इथे समुद्र नाही, खाडी नाही, यमुना आहे पण तिच्यात एक होडी दिसत नाही. तरी एक बंदर सापडले आहे. संग्रहालयात एक मोठे चित्र आहे. रविवारी तिथे जाऊन बसतो.’

मी केतकीला विचारलं, “तुझा बाबा तुला कधी चित्रं बघायला घेऊन गेला होता?”

“बाबा? पेंटिंग?” ती म्हणाली. “नाही गं आत्या. आम्ही अप्पू घरला पाळण्यात बसायला जायचो.”

मेट्रो, आणि मग बंदर

मेट्रो नुकतीच द्वारकेपर्यंत आली होती. ती नसती तर चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला घेऊन शहरात जायचं धाडस आम्ही केलं नसतं. दादासाठी लिफ्ट होती. मी मात्र हौसेनं सरकत्या जिन्यावर पाय ठेवला आणि पाय पुढं, मी मागं, अशी अवस्था झाली. मागच्या सरदारजींनी मला पाठीकडून धरलं आणि वर पोचेपर्यंत सोडलं नाही. “डरना नहीं माताजी, ये तो सबके साथ होता है,” ते म्हणाले. गाडी खांबांवरून निघाली आणि धुक्यातून गच्च्या, पाण्याच्या टाक्या, अर्धवट बांधलेल्या इमारती खालून जायला लागल्या. दादा खिडकीबाहेर पाहत होता. इतक्या दिवसांत त्यानं भिंत सोडून काही पाहिलं ते हेच.

शेवटच्या स्टेशनावरून टॅक्सीनं संग्रहालय गाठलं. केतकीला रविवारची सुट्टी होती. वहिनींना आम्ही मुद्दामच घरी झोपू दिलं होतं. चित्र अजून तिथं असेल का याची मला धाकधूक होती. पस्तीस वर्षं झाली होती त्या पत्राला. दोन दालनं फिरलो, नव्हतं. तिसऱ्या दालनात दादानं अचानक डावा पाय खाली टेकवून खुर्ची थांबवली.

समोरची अख्खी भिंत त्या चित्रानं व्यापली होती. खाली पट्टीवर फक्त ‘नदीकाठचे बंदर’ आणि ‘चित्रकार अज्ञात’ एवढंच. किती जुनं तेही लिहिलं नव्हतं.

चित्रांतलं मला फार कळत नाही. लांबून मला आधी आकाशच दिसलं. चित्राचा दोन तृतीयांश भाग आकाश, आणि रोगण जुनं होऊन पिवळं पडल्यानं ते सगळं चहातून पाहिल्यासारखं. जवळ गेल्यावर माणसं दिसायला लागली. आधी दहा, मग पन्नास, मग मोजदाद सोडून दिली. पायऱ्यांचा लांबलचक घाट. गलबतांपासून काठापर्यंत टाकलेल्या फळ्या, आणि त्यांवरून पोती घेऊन येणारे हमाल. पोत्याचं ओझं चित्रकारानं कुठं दाखवलं होतं, तर हमालांच्या गुडघ्यांत. प्रत्येकाचे गुडघे थोडे वेगळे वाकलेले. छत्रीखाली एक लिहिणारा बसला होता आणि त्याच्यासमोर दोघं हात उडवत भांडत होते. एका गलबताच्या टोकाशी चूल पेटली होती, तिचा धूर शिडाच्या कडेनं वर जाऊन ढगात कुठं मिसळला ते सांगता येत नव्हतं. चार लोक जेवायला बसलेले, एक बाई ओल्या केसांना झटका देतेय. पलीकडचा काठ म्हणजे एक निळसर रेघ. एवढी गर्दी, तरी सगळं शांत वाटत होतं. आमच्या वडिलांच्या ऑफिसच्या खिडकीतून दाभोळचा धक्का असाच दिसायचा.

दालनात एक पहारेकरी होता. साठीला आलेला, खाकी कोट, गळ्यात मफलर. आम्ही बराच वेळ थांबलो तसा तो जवळ आला. “ये हमारी तरफ का घाट है,” तो म्हणाला. “बक्सर का. गंगाजी हैं. लिखा नहीं है, पर मैं पहचानता हूँ.”

मला ते पटलं. मी केतकीला चित्र समजावून द्यायला लागले. “हे बघ, ही डोलकाठी, हे शीड. आणि बघ, भरतीची वेळ आहे. पाणी चढतंय म्हणून सगळ्यांची घाई चाललीय.”

मागून खुर्चीच्या दांड्यावर थाप बसली. दादा मान हलवत होता, जोरजोरात. तोंड उघडलं, बंद झालं. कपाळावर शीर उभी राहिली. केतकी घाबरून त्याच्याजवळ गेली. कितीतरी वेळ गेला.

“ओ... ओहो,” तो म्हणाला. “ओहो...”

“हो बाबा, ओहो, खूप सुंदर आहे,” केतकी म्हणाली.

दादानं डोळे मिटले आणि पुन्हा थाप मारली. “ओहो... टी.”

“ओहोटी,” मी म्हटलं. “दादा, ओहोटी म्हणतोयस?”

त्यानं मान डोलावली.

केतकी माझ्याकडे पाहत राहिली. “आत्या, ओहोटी म्हणजे?”

तिचा दोष नाही. ती वाढली आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये. ओहोटी तिला कुठं भेटणार? मी सांगितलं, समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा वर येतं ती भरती, उतरतं ती ओहोटी, आणि समुद्राजवळच्या नद्या-खाड्याही त्याबरोबर चढतात उतरतात. मग मी खाली वाकले. दादाच्या डोळ्यांच्या उंचीला डोकं आणलं आणि तिथून चित्र पाहिलं. उभी असताना मला आकाश दिसत होतं. खुर्चीतल्या माणसाला चिखल दिसत होता. घाटाच्या खालच्या पाच पायऱ्या काळपट ओल्या होत्या, आणि ती रेघ अख्ख्या घाटभर सरळ गेली होती. एका कोपऱ्यात एक मचवा चिखलात कलंडून पडला होता, आणि एक माणूस त्याच्या बुडाला चिकटलेलं काहीतरी खरवडत होता. पाणी उतरत होतं. मी चुकले होते. माझी चूक दुरुस्त केल्याशिवाय दादाला राहवलं नव्हतं. लहानपणीही त्याला कधी राहवायचं नाही.

पुन्हा द्वारका

घरी येईपर्यंत मला युक्ती सुचली होती. ‘हे काय, ते काय’ असं त्याला विचारायचंच नाही. चुकीचं बोलायचं. मी जेवताना सहज म्हटलं, “त्या चित्रातल्या गलबतांना वल्ही दोन-दोनच होती, नाही?” दादाचा घास हातातच राहिला. दहा मिनिटांनी आलं, “चा... चार.” केतकी आधी संकोचली, मग तीही शिकली. हिंदी-मराठीची भेळ करत ती वाट्टेल ते ठोकायची. हमाल पाच होते, छत्री हिरवी होती, चित्रात एक हत्ती होता. हत्तीला दादा एवढा चिडला, की एका दमात “नाही नाही नाही” असं तीनदा बोलला. “नाही” हा शब्द त्याला आला. वहिनी म्हणाल्या, “लग्न झाल्यापासून हाच तर शब्द सगळ्यात जास्त ऐकलाय मी.” आणि दारामागं जाऊन रडल्या.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. कधी अर्धा दिवस एक अक्षर निघायचं नाही. कधी बोलायचा एक, यायचा दुसराच शब्द, आणि तो चुकलाय हे स्वतःला कळून तो ताट सारायचा. एकदा दुपारी तो एकसारखा “शी... शी...” म्हणायला लागला. वहिनींनी आणि मी धावपळ करून त्याला न्हाणीघरात नेलं. तिथं तो दाराची चौकट धरून बसेना. परत आणलं, तर पुन्हा “शी.” पुन्हा नेलं. तिसऱ्यांदा त्यानं संतापून गॅलरीकडे हात केला. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर वाळत घातलेली पांढरी चादर वाऱ्यानं फुगली होती.

“शीड,” मी म्हटलं.

“शीड,” दादा म्हणाला. पूर्ण, स्वच्छ.

वहिनी मटकन खुर्चीत बसल्या. “आणि मी बाथरूमला नेतेय,” त्या म्हणाल्या. “देवा, आधीही असेच किती शब्द मी बाथरूमला नेले असतील.” त्या हसायला लागल्या, मग आम्हाला तिघांनाही हसू आवरेना. पण त्या रात्री वहिनी मला म्हणाल्या, “सुमनताई, मला त्या चित्राकडे न्या. चौतीस वर्षं संसार केला, मला कधी बोलले नाहीत त्याबद्दल.”

मी म्हटलं, “पहिल्या वर्षी एकटा होता म्हणून जायचा. मग तुम्ही आलात. मग कशाला जाईल?”

हे मी त्यांच्या समाधानासाठी बोलले की ते खरंच होतं, मला ठाऊक नाही. त्यांनी मात्र त्यावर खूप वेळ विचार केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच्या ठेवणीतल्या कोटाची घडी मोडली.

शेवटचा रविवार

माझं परतीचं तिकीट सोमवारचं होतं. रविवारी आम्ही चौघं निघालो. वहिनींनी डब्यात मटारच्या कचोऱ्या घेतल्या होत्या. ऊन पडलं होतं, कितीतरी दिवसांनी. संग्रहालयाच्या आवारात लोक गवतावर संत्री सोलत बसले होते. रत्नागिरीत जानेवारीच्या उन्हातून लोक सावलीत जातात. इथं सावलीतून उन्हात सरकतात, आणि सूर्याबरोबर सतरंजीही सरकवत नेतात.

वहिनी चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहत गेल्या. मग त्या केस झटकणाऱ्या बाईकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हिला सर्दी होणार.” दादानं त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडाची एक बाजू वर गेली.

पहारेकरी आम्हाला ओळखून पुढं आला. मी त्याला मागच्या खेपेची चूक सांगितली. हे बक्सर नसावं, समुद्राजवळची नदी असावी, पाणी ओसरतंय. त्याला ते रुचलं नाही.

“पानी तो हमारे यहाँ भी उतरता है,” तो म्हणाला. “बाढ़ के बाद. कार्तिक में. सीढ़ियों पर ऐसे ही निशान रह जाता है.” मग थोडं थांबून म्हणाला, “एक बात है लेकिन. छह साल से रोज देखता हूँ इसको. सब आराम से हैं. कोई खा रहा है, कोई झगड़ रहा है. ये एक आदमी,” आणि त्यानं कलंडलेल्या मचव्याजवळच्या माणसाकडे बोट केलं, “ये अकेला ऐसे लगा हुआ है जैसे पीछे कोई डंडा लेकर खड़ा हो. इसको किस बात की जल्दी है?”

मला उत्तर ठाऊक होतं. मी तोंड उघडणार, तोच वहिनींनी माझा दंड धरला.

दादा खुर्चीत पुढं सरकला होता. त्याचं लक्ष पहारेकऱ्याकडे होतं. घरच्यांना सोडून परक्या माणसाशी बोलायचा प्रयत्न त्यानं दिवाळीनंतर केला नव्हता. तोंड उघडलं, नुसता श्वास आला. पहारेकरी भला माणूस, तो वाकून थांबून राहिला. दालनात शाळेची एक रांग आली आणि गेली. दादाचा डावा हात हवेत खालून वर, खालून वर असा हलत होता.

“पा... पानी,” दादा म्हणाला.

“जी. पानी.”

“पानी... आ... आएगा.”

पहारेकऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग चित्राकडे. “उतर तो गया,” तो म्हणाला. “फिर आएगा?”

“आएगा,” दादा म्हणाला. आता शब्द बराच मोकळा होता. “शाम... तक.”

“आज ही?”

“रोज.”

गंगेकाठच्या त्या माणसानं समुद्र कधी पाहिला नव्हता, हे त्यानं नंतर आम्हाला सांगितलं. त्या वेळी तो चित्रासमोर बांधलेल्या दोरीच्या अगदी जवळ गेला, कोपऱ्यातल्या चिखलात वाकलेल्या त्या एवढ्याशा माणसाकडे त्यानं नीट निरखून पाहिलं. मचवा कोरडा आहे तेवढ्यात बूड साफ करून घ्यायचं, पाणी आलं की तो आपोआप सरळ उभा राहणार, हे त्याला उमगलं असावं. कारण मफलर सावरत तो चित्रातल्या माणसाला म्हणाला, “तो फिर लगा रह भाई. लगा रह.”

दादा हसला. चांगला आवाज करून हसला. पलीकडच्या दालनातल्या बाईंनी डोकावून पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं, तरी थांबला नाही.